काका, तुम्ही भिंग लेकीच्या हातात दिलंत

काका, नमस्कार. त्या दिवशी दारात मी नुसतं "थँक्यू काका" म्हटलं आणि तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणत बूट घालायला लागलात, पण मला तेवढ्यावर सोडवत नाहीये. अजून तो गोट्यांचा डबा समोर दिसला की भरून येतं. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. ओहायोत आणि आसपास राहणाऱ्या आपल्या कितीतरी मंडळींच्या घरी शेजारच्या आजीआजोबांनी पोरांना दिलेला असा एखादा डबा पडून असेल, आणि तो दाखवायला ते भलत्याच माणसाकडे जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या शेजारच्या अमेरिकन आजी घर सोडून वृद्धांच्या होममध्ये राहायला गेल्या. सामानाची आवराआवर चालू असताना त्यांनी माझ्या लेकीला हाक मारून एक जुना पत्र्याचा बिस्किटांचा डबा दिला, आत काचेच्या गोट्या. काही त्यांच्या भावाच्या, काही त्याच्याही आधीच्या, त्यांच्या वडिलांच्या लहानपणच्या. लेक हरखून गेली. माझ्या मात्र डोक्यात दुसरंच सुरू झालं, की जुन्या गोट्यांना इथे बरेच पैसे मिळतात असं ऐकलंय, मग हे आजींच्या मुलांच्या हक्काचं असेल तर? आपल्याला असं दुसऱ्याचं पचत नाही. परत द्यायचं तर आधी कळायला हवं ना की हे आहे तरी काय.

तर आम्ही आधी एका अँटिकच्या दुकानात गेलो. त्या गृहस्थाने डबा उघडला आणि सरळ काउंटरवर पालथा केला. काचेच्या काउंटरवर, काचेच्या गोट्या! दोन घरंगळून खाली फरशीवर. एकही हातात धरून न बघता "मशीनच्या आहेत, पोरांचा खेळ" म्हणाला आणि सगळ्याचे मिळून वीस डॉलर देतो म्हणाला. पोरांचा खेळ आहे तर वीस तरी कशाला देतोस बाबा? लेक खाली बसून गोट्या गोळा करत होती आणि तो फोनवर बोलायला लागला होता. मग ओळखीतून एकाला फोटो पाठवले, तो म्हणे जाणकार. त्याने त्यातली एकच निळी, सोनेरी चमक असलेली गोटी हेरली आणि कळवलं की ही हजारो डॉलरची आहे, ताबडतोब पाठवून द्या, मी पॉलिश करून विकून देतो. हे लेकीने ऐकलं. तेव्हापासून ती निळी गोटी रुमालात गुंडाळून तिच्या उशीखाली. एकाने सगळंच कचऱ्यात काढलं, दुसऱ्याने एका फोटोवर लहान मुलीला हजारोंचं स्वप्न दाखवलं, आणि दोघांपैकी एकानेही गोटी नीट बघितली नाही. मला याचा राग आजही जात नाही.

मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत कुणीतरी गोट्या जमवणारे काका म्हणून तुमचं नाव सांगितलं आणि तुम्ही पुढच्याच रविवारी आलात. चहाच्या आधी हात धुतलेत. पिशवीतून जाडसर टॉवेल काढून टेबलावर पसरलात, कडा आत दुमडल्यात म्हणजे एकही गोटी खाली जाणार नाही, आणि मग डब्यातून एकेक गोटी दोन बोटांनी उचलून एकमेकींना न लागेल अशी मांडत गेलात. मी तेव्हाच नवऱ्याला खूण केली, की हा माणूस वेगळा आहे.

तुम्ही जे सांगितलंत ते मी जमेल तसं लिहितेय, चुकलं तर सांगा. जुनी जर्मन गोटी हाताने केलेली असते. जर्मनीत थुरिंगियातलं लाऊशा हे गाव तिचं माहेर, १८४० च्या दशकाच्या शेवटी तिथे गोट्या कापायची खास कात्री निघाली, एका पात्याच्या टोकाला वाटी असलेली. रंगीत काचेच्या कांड्या एकत्र वितळवून, पीळ देऊन लांब दांडा ओढायचा, त्याचं टोक त्या वाटीत फिरवून गोल करायचं आणि कापायचं. म्हणून जिथे ती दांड्यापासून सुटली तिथे खूण राहते. बहुतेक गोट्यांना दोन्ही टोकांना, काही जातींना एकाच. इंग्रजीत तिला पॉन्टिल म्हणतात आणि तुम्ही लेकीला म्हणालात, "मोदकाला शेंडा राहतो ना, तसं समज, फक्त इथे तो घासून थोडा सपाट केलेला असतो." तिला ते इतकं पटलं की आता ती प्रत्येक गोटीचा शेंडा शोधते.

आणि मशीनची गोटी म्हणजे टाकाऊ, हा त्या दुकानदाराचा सूर किती अडाणीपणाचा होता तेही तुमच्यामुळे कळलं. काचेच्या गोट्या मशीनवर करायची सुरुवातच मुळी आपल्या या ओहायोत, ॲक्रनला झाली. मार्टिन ख्रिस्टेनसेन नावाच्या माणसाला १९०५ साली त्या यंत्राचं पेटंट मिळालं. खोबणीच्या चाकांमध्ये तापलेल्या काचेचा गोळा फिरत फिरत गोल व्हायचा. पण तो गोळा अजून माणूसच भट्टीतून सळईवर उचलून कापून टाकायचा, त्यामुळे त्या सुरुवातीच्या गोट्यांवर एका टोकाला इंग्रजी नऊच्या आकड्यासारखं वळण असतं आणि समोरच्या टोकाला कापल्याची शेपटी. आमच्या डब्यात तशी एक निघाली, जांभळी, पांढऱ्या रेघांची. "हा नऊ बघ," म्हणून तुम्ही ती उजेडात धरलीत तेव्हा तुमचाच चेहरा असा खुलला होता! मग पहिलं महायुद्ध आलं, जर्मन माल यायचा थांबला आणि अमेरिकन कारखान्यांचे दिवस आले. ॲक्रो ॲगेट ही कंपनी १९१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेली. तिच्या गोट्यांत रंगाचा पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्क्रूसारखा फिरत जातो, दोन पट्टे असले तरी एकमेकांना कुठेही छेदत नाहीत. आजींच्या भावाच्या बहुतेक गोट्या याच. आणि मधे रंगीत पाकळी असलेल्या, आपण लहानपणी खेळायचो तसल्या, त्या १९५० नंतरच्या, आधी जपानमधून आलेल्या.

हिरव्या गोटीवर तुम्ही छोटी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारलीत आणि ती अशी काही पेटली की लेक किंचाळली. पण लगेच सांगितलंत की काचेत युरेनियम आहे एवढंच यावरून कळतं, वय कळत नाही, आजही तशी काच मिळते. हे मला फार भावलं. मुलगी खूश झाली होती, तिला तसंच खूश राहू देणं सोपं होतं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

ती निळी गोटी लेकीने सगळ्यात शेवटी रुमालातून काढून दिली. तुम्ही बघितलीत. फिरवलीत, परत बघितलीत. आम्ही दोघं तुमच्या तोंडाकडे बघत होतो आणि मला कळलं होतं. तुम्ही माझ्याकडे वळून मोठ्यांच्या आवाजात "ही नाही हो" म्हणू शकला असतात. तिच्या डोक्यावरून, इंग्रजीत, हळूच. बहुतेक माणसं तेच करतात. तुम्ही उठलात, तिची खुर्ची खिडकीपाशी सरकवलीत म्हणजे उजेड तिच्या बाजूने येईल, तुमचं दहापट भिंग तिच्या हातात दिलंत, ते डोळ्याजवळ कसं धरायचं आणि गोटी भिंगाजवळ कशी आणायची ते दाखवलंत आणि म्हणालात, "आता तू बघ आणि मला सांग."

आणि गप्प बसलात. हात मांडीवर. चहा गार होत होता, माझा नवरा काहीतरी बोलायला गेला तर तुम्ही त्याला नुसतं डोळ्यांनी थांबवलंत. ती बघत होती, गोटी फिरवत होती, मधेच तिने टॉवेलवरची जुनी लाऊशाची गोटी उचलून तिचा शेंडा बघितला, परत निळी घेतली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग ती म्हणाली, "काका, हिला कुठेच कापल्याचं नाहीये. आणि एकपण ओरखडा नाही. ही नवीन आहे का?"

तुम्ही म्हणालात, "मलाही तसंच वाटतं." मग तिला सांगितलंत की ती चमक म्हणजे सोनं नाही, काचेत तांब्याचे बारीक कण असतात. जर्मन कारागीरही ते वापरायचे, म्हणून तर फोटोत फसायला होतं. पण जुनी गोटी पॉलिश करून शेंडा घालवला असेल तर वरचे पट्टेही घासले जातात, इथे ते अखंड आहेत. आजचे काचकलाकार शेवटचं टोक ज्योतीवर वितळवून गुळगुळीत करतात, तशी ही असणार. आणि शेवटी, "केलीये मात्र सुरेख, ज्याने केली त्याचा हात चांगला आहे." काका, हजारो डॉलर त्या एका मिनिटात गेले आणि माझी मुलगी रडली नाही. उलट ताठ बसली. कारण ते तिनेच शोधून काढलं होतं. मी आई आहे तिची, आणि मला हे सुचलं नसतं.

बाकीचंही विसरणार नाही मी. पांढऱ्या जाळीची आणि वर लाल-निळ्या रेघांची जी गोटी खरोखर जुनी निघाली, पहिल्या महायुद्धाच्या आधीची, ती तुम्ही स्वतः गोट्या जमवत असूनही मला विकत मागितली नाहीत. तिच्यावर काचेच्या आतल्या आत उमटलेल्या चंद्रकोरी आहेत, खेळताना आपटल्याच्या, त्या घालवायला पॉलिश करू नका, वरचा मूळ थर गेला की तिचं जुनेपणच गेलं, हे दोनदा बजावलंत. किंमत मी विचारल्यावरच सांगितलीत, तीही "इतके ते इतके" अशी, आणि दुकानदार त्याहून कमी देईल हेही. एका तपकिरी गोटीपाशी अडलात तेव्हा सरळ चिठ्ठीवर लिहिलंत, "खात्री नाही." आपल्याकडे हल्ली ज्याला त्याला सगळं येतं, डॉक्टरपासून प्लंबरपर्यंत कुणी "मला माहीत नाही" म्हणत नाही, आणि इथे इतकी वर्षं याच नादात घालवलेला माणूस दहा वर्षांच्या मुलीसमोर सहज लिहून मोकळा होतो. असं कुणी भेटलं की बाकीच्यांवरचाही विश्वास थोडा परत येतो.

जाताना मी विचारलं की तुम्हाला हे वेड लागलं कुठून, तर तुमचे आजोबा तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्यात होते हे कळलं. १९०८ सालचा कारखाना, माणशी एकेक पैसा गोळा करून उभा केलेला, लोकमान्यांचा पाठिंबा असलेला. मी पुण्याची असून मला तो फक्त नावाने माहीत होता. आजोबा भट्टीच्या गोष्टी सांगायचे, काच गार कशी होते, बुडबुडा कुठे अडकतो, हे सांगताना तुम्ही जरा थांबलात. त्यावर तुम्ही एकदा निवांत लिहा काका, आम्हाला वाचायचंय.

आणि हो, आजींना फोन केला. सगळं सांगितलं, ती जाळीची जुनी गोटी इतक्या किमतीची आहे, तुमच्या मुलांना पाठवू का. त्या म्हणाल्या, मुलांना विचारूनच दिलाय डबा, तुझ्या मुलीला दिलं ते दिलं. निळ्या गोटीचं विचारल्यावर तर त्या खूप हसल्या. ती म्हणे त्यांनीच एका क्राफ्टच्या जत्रेत घेतली होती, आवडली म्हणून, आणि ठेवायला जागा नाही म्हणून डब्यात टाकली होती. म्हणजे तुमचं आणि लेकीचं बरोबर होतं!

आम्ही पुढच्या महिन्यात त्यांना भेटायला जाणार आहोत, डबा घेऊन. जांभळ्या गोटीवरचा नऊ त्यांनी आयुष्यात कधी बघितला नव्हता, तो त्यांना बघायचाय, आणि भावाची हिरवी गोटी अंधारात पेटते यावर त्यांचा अजिबात विश्वास बसत नाहीये. त्यांनी स्वतःहून विचारलं की ते गृहस्थ येतील का. तर तुम्ही आणि काकू दोघंही चला, गाडीत जागा आहे, जेवणाचा डबा मी करून घेते, काकूंना गुळाची पोळी आवडते हे मला कळलंय. भिंग आणि टॉर्च तेवढी आठवणीने घ्या. वार तुम्ही सांगा.

तुमची,
गोट्यावाल्या मुलीची आई