तहान भागत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुप्फुसाचा कर्करोग मेंदूत पसरतो, हे रुग्णाच्या घरात माहीत असते. डोके दुखले, फिट आली, हात लुळा पडला की माणसे लगेच धावतात. पण ही गाठ दर वेळी मोठ्या किंवा लहान मेंदूतच होते असे नाही. क्वचित ती मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीत होते. ग्रंथीच्या मागच्या भागाला धमन्यांतून थेट रक्त मिळते, त्यामुळे रक्तातून आलेल्या पेशी बहुधा तिथे रुजतात. शरीरातले पाणी राखणारे संप्रेरक तिथूनच सुटते. ते आटले की तहान भागत नाही आणि पाण्यासारखी लघवी होत राहते.

माझ्या सासऱ्यांचे हेच झाले. आम्ही लालबागच्या चाळीत राहतो, संडास गॅलरीच्या टोकाला. रात्रभर त्यांच्या काठीचा आवाज यायचा. उशाशी तांब्या पुरेना म्हणून कळशी ठेवली. साखर तपासली. ते योग्यच होते, कारण कर्करोगाच्या उपचारांत देतात त्या स्टेरॉइडने साखर वाढू शकते; पण ती नॉर्मल निघाली. मग प्रोस्टेटच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि कुणीतरी पाणी कमी प्यायला सांगितले. या आजारात हा सल्ला जिवावर बेतू शकतो. रक्तातले सोडियम वाढून रुग्ण गुंगीत जातो. पुढे त्यांची एक पापणी मिटली, एकाचे दोन दिसू लागले, तेव्हा कुठे कॉन्ट्रास्ट एमआरआय झाला.

निदान झाल्यावर त्या आटलेल्या संप्रेरकाची जागा घेणाऱ्या डेस्मोप्रेसिनच्या गोळीने त्यांना रात्रीची झोप मिळाली. गाठीसाठी रेडिएशन असते. कर्करोगाच्या पेशींत ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल सापडला तर मेंदूपर्यंत पोचणाऱ्या गोळ्याही आहेत, म्हणून ती तपासणी डॉक्टरांना जरूर विचारावी. विडी-सिगारेट कधीच न ओढलेल्यांत हा बदल जास्त आढळतो.

परळला टाटा रुग्णालयाच्या दारात राज्यभरातून माणसे येतात, औषधे घेऊन गावी परततात. तिथे त्यांना असले काही कोण सांगणार? माझी मुंबईतल्या सर्वच रुग्णालयांना कळकळीची विनंती आहे. डिस्चार्ज कार्डावर मराठीत दोन ओळी छापा: अचानक तहान व लघवी वाढली, पापणी पडली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता या.

– एक वाचक, लालबाग, मुंबई