जिन्याखालच्या बाईंचं नाव लिहिणाऱ्या काकांना

ति. काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोनवर म्हणालात, "आभार वगैरे नकोत, कागद कोरडे ठेवा म्हणजे झालं." कागद कोरडे आहेत. आभार मात्र मी मानणारच, आणि चारचौघांत मानणार. ज्यांनी आम्हाला आधी हेलपाटे घालायला लावले त्यांच्याही नजरेला हे पत्र पडावं, एवढा स्वार्थ त्यात आहे.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. नारायण पेठेतला आमचा वाडा आता पाडायला निघालाय. 'आमचा' म्हणजे आम्ही भाडेकरू, पण तीन पिढ्या राहिल्यावर दुसरा शब्द तोंडात येत नाही. माडीवरच्या खोल्या रिकाम्या करताना फडताळात लाल रुमालात बांधलेलं दप्तर निघालं. मालकांच्या वारसांना विचारलं, तर "रद्दीत घाला, नाहीतर तुम्हीच ठेवा" असं उत्तर आलं. आत्याने ठेवलं. सगळे कागद मोडी लिपीत. तुळशीबागेतली यादी करावी तसं आम्ही नुसते कागद मोजत बसलो, कारण वाचणारं घरात कुणीच नव्हतं.

मग सुरू झाली वणवण. पहिले भेटले ते एक 'वारसा अभ्यासक'. त्यांनी सगळ्यात जुन्या कागदाचा फोटो काढला, तेवढं एक साल लावलं आणि जाहीर करून टाकलं की वाडा ११७६ सालचा आहे. म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांच्याही जवळजवळ शंभर वर्षं आधी नारायण पेठेत आमचा जिना उभा होता! लोकांनी त्यावर भरभरून अंगठे दिले. दुसऱ्यांनी आगाऊ पैसे घेतले, दप्तर महिनोन् महिने ठेवून घेतलं, आणि परत दिलं तेव्हा दोन कागदांना बुरशी लागलेली होती. वाचन शून्य. तिसरे मोठे जाणकार. त्यांनी रुमाल सोडलासुद्धा नाही. आत्याकडे बघून विचारलं, "तुम्ही मालक की भाडेकरू?" भाडेकरू म्हटल्यावर म्हणाले, "मग तुम्हाला काय करायचंय?" आत्या ऐंशीच्या घरातली, जन्मभर शाळेत शिकवलेली. रिक्षात बसेपर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "प्रश्न बरोबर होता गं, विचारायची पद्धत चुकली."

आणि मग तुम्ही भेटलात. तुम्ही टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मोडी शिकलात, हे आम्हाला नंतर कळलं. त्या जुन्या कागदावर बोट न टेकवता तुम्ही वाचलंत, "सीत सबैन मया व अलफ." मग आत्यासाठी सुटं करून सांगितलंत: सहा, सत्तर, शंभर, हजार. हा शुहूर सन, जुन्या मराठी दप्तरांत अरबी आकड्यांनी लिहायची कालगणना; शुहूर सन ११७६, म्हणजे इसवी १७७५-७६. नारायणरावांचा खून होऊन दोन-अडीच वर्षं झालेली, सवाई माधवराव अजून धड बोलायच्याही वयाचे नाहीत, आणि ज्यांच्या नावाची ही पेठ त्यांच्याच पेठेत सरकारी दप्तरातला एक कारकून जागा घेऊन घर बांधतोय. 'अभ्यासकां'च्या सहाशे वर्षांचा फुगा असा फुटला. तुम्ही त्यांना हसलाही नाहीत. "साल बरोबर लावलंय त्यांनी, सन चुकला," एवढंच म्हणालात. मी असते तर मिरवलं असतं.

पुढचा कागद पेशवाई बुडाल्यानंतरचा. दप्तरातल्या कारकुनांची रोजी गेली, कर्ज वाढलं, आणि कारकुनाच्या नातवाने घर एका सावकाराला लिहून दिलं. खतात 'राजीखुशीने' असा शब्द आहे. आत्या म्हणाली, "बरं झालं, भांडण नाही झालं." तुम्ही चष्म्यावरून बघून म्हणालात, "ताई, राजीखुशीने असं सगळ्याच खतांत लिहितात." त्यानंतर वाडा शेवटपर्यंत त्या सावकारांच्या घराण्यात राहिला, आणि आम्हाला लाभलेले मालक ते हेच.

१८९७ चं पान मला विसरता येत नाही. प्लेगच्या साथीत रँडच्या कमिटीचे गोरे शिपाई पेठांतून घरं तपासत होते, रोगी हुडकत थेट माजघरापर्यंत, देवघरापर्यंत शिरत होते, हे आम्ही शाळेत शिकलो. जूनमध्ये गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झालं तेही. पण आमच्या वहीत त्या सालात फक्त खर्च आहे. चुना. जमीन उकरल्याची मजुरी. पुन्हा चुना. आणि मग एक ओळ, 'देव्हारा नवा केला.' मी लगेच म्हणाले, म्हणजे शिपायांनी जुना मोडला असणार. तुम्ही म्हणालात, "असेल. पण इथं एवढंच लिहिलंय. पुढचं आपण जोडायचं नाही."

नंतरच्या वह्या भाड्याच्या. वाडा तोवर खोल्याखोल्यांनी वाटला गेला होता. ओसरीला लागून एक मास्तर, चौकाच्या पलीकडे खाणावळवाल्या आजी, वर खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलवरून जाणारे दोघे भाऊ, आणि आमचे आजोबा, छापखान्यात खिळे जुळवणारे. त्यांच्या नावापुढे 'बाकी' हा शब्द इतक्या वेळा आलाय की आत्याने तुम्हाला ती पानं भराभर उलटायला लावली! १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं त्यालाच सगळं बांधलं गेलं. त्या पैशात मालकांना कौलं शाकारणं परवडेना, आणि आम्हाला दुसरीकडे जाणं परवडेना. दोन्ही बाजूंनी एकमेकांना मनसोक्त शिव्या दिल्या. आज वही बघताना दोघांचीही बाजू दिसते, पण तेव्हा पावसात पातेली आमच्याच खोलीत मांडावी लागायची, त्यामुळे मी पूर्ण तटस्थ आहे असं म्हणणार नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

मालकांचे आजोबा शेवटपर्यंत हिशोब मोडीतच लिहायचे. त्यांच्या वहीत प्रत्येक भाडेकरूचं आडनाव आहे. एकच नोंद बिननावाची, 'जिन्याखालची बाई'. वर्षानुवर्षं तीच. शके १८८३, म्हणजे १९६१. त्या वर्षी १२ जुलैला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. माडीवरचं फडताळ वाचलं म्हणून ही वही वाचली. जिन्याखालची खोली कशी वाचणार? त्यानंतरच्या पानावर लिहिलंय, 'जिन्याखालची बाई गेली. बाकी सोडली.'

तुम्ही तिथे थांबलात. दुसऱ्या कुणी ओळ उतरवून पान उलटलं असतं. तुम्ही आत्याला विचारलंत, "गेली म्हणजे?" आत्याला कमी ऐकू येतं, म्हणून खुर्ची ओढून तिच्या जवळ घेतलीत आणि पुन्हा विचारलंत. आत्या म्हणाली, "गेली म्हणजे गोखलेनगरला गेली. पूरग्रस्तांच्या वसाहतीत. घरोघर पोळ्या करायची. मला गुळाची पोळी तिनेच शिकवली." मग तुमचा प्रश्न, "नाव काय त्यांचं?" आत्याने डोळे मिटले, ओठ हलवले, आणि सांगितलं. साठाहून जास्त वर्षांनी तिने ते नाव उच्चारलं असेल.

तुमच्या बाळबोध, म्हणजे देवनागरी प्रतीत तुम्ही वहीतली ओळ जशीच्या तशी शाईने लिहिलीत. मग पेन खाली ठेवलंत, खिशातून पेन्सिल काढलीत, आणि शेजारी समासात ते नाव लिहिलंत. मी विचारलं, शाईनेच का नाही? म्हणालात, "कागदात आहे ते शाईने. ताईंनी सांगितलं ते पेन्सिलने. पण लिहायचं दोन्ही."

काका, त्या क्षणी आत्याचा चेहरा तुम्ही पाहिला नाहीत, तुम्ही पेन्सिलीला टोक करत होतात. "तुम्हाला काय करायचंय?" हा प्रश्न तिच्या मनात रुतून बसला होता तो त्या समासातल्या चार अक्षरांनी निघाला. बाईंचं नाव मी इथे देत नाही. त्यांच्या घरची माणसं शहरात आहेत, त्यांना विचारल्याशिवाय ते माझं नाही.

पुण्यात जाणकारांचा दुष्काळ कधीच नव्हता. १९१० साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं, त्याच्या आधीपासून ते गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यावरची दप्तरं वाचवत होते. त्या पायवाटेवर चालणारी माणसं आजही आहेत, पदरमोड करून, कुणी न विचारता. फक्त त्यांच्या दारावर पाटी नसते, म्हणून आमच्यासारखे आधी पाटीवाल्यांकडे जातात. तुम्ही पैसे घेतले नाहीत, ते मोठंच. पण पैसे न घेणारे आणखीही भेटतात आणि उपकाराची आठवण दर वाक्याला करून देतात. तुमच्या घरून निघताना आत्याला आपण काही मागायला आलो होतो असं वाटलं नाही. हे मला जमत नाही, माझ्या ओळखीत फार थोड्यांना जमतं.

बाकी वाड्याचं म्हणाल तर भिंतींतली बळदं उघडी पडलीत, कडीपाटाचं सागवान विकलं गेलंय, आणि नव्या इमारतीच्या जाहिरातीत 'पेशवेकालीन वारशाच्या कुशीत' असं छापून आलंय. वारसा पाडून त्याची कुशी विकायची, हे कौशल्य आपल्या लोकांनी छान आत्मसात केलंय.

आणि एक बातमी. गोखलेनगरला जाऊन आले. बाईंची नात भेटली. तिच्याकडे आजीचा एक जुना सरकारी कागद आहे, पूरग्रस्त म्हणून जागा मिळाली तेव्हाचा. त्यावर आधीचा पत्ता आमच्या वाड्याचा आहे. पण नाव आत्याने सांगितलं ते नाही. नात म्हणाली, कागदावरचं सासरचं. वाड्यात सगळे आजीला माहेरच्या नावाने हाक मारायचे, कारण ती म्हणायची की सासरने तेवढंच काय ते दिलं, ते मला नको. तेव्हा आता तुमच्या नियमाप्रमाणे सरकारी नाव शाईने जाणार. आत्याचं म्हणणं असं की जाऊ दे, पण पेन्सिलीचं खोडू नका. माझंही मत तेच. रविवारी सकाळी कागदाची झेरॉक्स घेऊन येतो दोघी. गुळाच्या पोळ्या आणणार आहे, त्यांना 'मानधन' म्हणू नका.

आपली,
नारायण पेठेतल्या खिळे जुळाऱ्यांची नात