सुभेदारकाका, संगीन आणि 412

प्रिय सुभेदारकाका,
सादर नमस्कार.

गणपतीत आरतीला म्हणून हर्णैहून आलात आणि माळ्यावरून काढलेली आमची संगीन घेऊन ओटीवर दोन तास बसलात. त्या गडबडीत तुम्हाला चहासुद्धा धड विचारला नाही. म्हणून आज हे पत्र, सगळ्यांच्या देखत.

पंजोबा पहिल्या महायुद्धात 117 मराठा पलटणीत होते, इराकमधल्या कूतच्या वेढ्यात अडकलेले. संगीन त्यांनी तिथूनच आणली, असं आमच्याकडे सांगतात. मुठीवर 412, तो त्यांचा शिपाई नंबर. पात्यावर 1907, ते बनल्याचं साल. मी तर त्या 412 वरून आणखी काही कळेल म्हणून दोन महिने डोकं खाजवत होतो.

तुम्ही आधी माझ्या हातातला पॉलिश पेपर काढून घेतलात. "घासलंस की संपलं." मग रॉकेलची चिंधी फिरवलीत, पोराच्या पाटीवरचा खडू चोळलात आणि मोबाईलचा टॉर्च आडवा धरलात. मुठीलगत मुकुट उठला, खाली जी. आर., खाली 1907. आणि त्याच्याही खाली, आम्हाला कायम ओरखडा वाटलेला, 1 आणि 18. शेवटी सँडरसन, बनवणाऱ्याचं नाव.

1907 हे नमुन्याचं साल. ही संगीन जानेवारी 1918 ची, शेफिल्डची. जी. आर. म्हणजे पंचम जॉर्ज, तो गादीवर आला 1910 ला. निदान हे तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं! आडव्या पट्टीची आकडी 1913 मध्ये गेली, ती हिला नाहीच. मुठीच्या टोकाला घाण निघून जायला आरपार भोक, ते 1916 पासूनचं. मागचा फुलीसारखा छाप म्हणजे पातं वाकवून तपासल्याची खूण. एकेक गोष्ट तुम्ही माझं बोट धरून त्या जागेवर ठेवून दाखवलीत.

आणि 412? "कोतातला, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारातला नंबर रे. कुठली संगीन कुठल्या जागी, एवढंच. दर पलटणीत एक 412 सापडेल. त्याच्यावरून साल काढायला गेलास तर फसलास."

कूत पडलं 29 एप्रिल 1916 ला. "कैदेत गेलेला माणूस संगीन घेऊन घरी येत नाही," हे तुम्ही आवाज खाली आणून म्हणालात, आजी माजघरात होती म्हणून. खरं सांगतो, त्या क्षणी तुमचा थोडा रागच आला होता. रात्री झोप लागली नाही. मग हिशेब करत बसलो: ही घरात आली कोणाबरोबर? आजोबांचे धाकटे भाऊ दुसऱ्या महायुद्धात होते, त्यांचं नाव आमच्याकडे कोणी काढत नाही. आता काढायला लागलोय.

खाऱ्या वाऱ्याला जपून महिन्याला तेलाचा हात फिरवतो, तुम्ही सांगितलंत तसा.

एक राहिलंच. टोक वाकलंय ते लढाईत, असं मी गावभर सांगितलेलं. तुम्ही त्यावर बोट फिरवून विचारलंत, "नारळ कशावर सोलता?" तेव्हा आतून आजीच बोलली होती, "पहार शेजारच्यांनी नेलेली त्या वर्षी."

तुमचा,
आंजर्ल्याचा पुतण्या