कुंडीतला मोगरा आणि बाल्कनीतलं ऊन

पुणे,
१४ ऑक्टोबर

प्रिय वासंती,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. वाईच्या परसात न मागता ओंजळ भरायची आणि आता ठाण्यात सातव्या मजल्यावर मोगऱ्याला नुसती पानंच पानं, हे वाचून मला राहवेना. तू सगळ्या कुंड्या कुणाला तरी देऊन टाकायच्या विचारात आहेस. तेवढं करू नकोस. मोगरा कुंडीत भरभरून फुलतो. शेवंती, जास्वंद, अबोली, गुलाब, कलमी सोनचाफासुद्धा कुंडीत छान येतात. परसात जमीन आणि आभाळ जे आपणहून करत होते ते बाल्कनीत आपल्याला करावं लागतं, इतकंच. आणि त्यात पहिला मान उन्हाचा, खताचा नाही.

तू खतांची जी यादी पाठवलीस ती वाचून तर मला त्या झाडाची काळजीच वाटली. दर आठवड्याला युरिया आणि वर पेंडीचं पाणी! त्यांतलं नत्र जास्त झालं की झाड पानांतच रमतं. गडद हिरवी, मोठाली पानं येतात, लांबच लांब फांद्या सुटतात आणि कळीचा पत्ता नसतो. तू लिहिलेलं वर्णन तंतोतंत असंच आहे. तेव्हा आज खत बंद. माझ्यासाठी एवढं कर.

आता ऊन. तुझी बाल्कनी दक्षिणेला आणि वर पूर्ण स्लॅब. ठाण्यात मे महिन्याच्या मध्याला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत माथ्यापासून किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे एप्रिल-मेमध्ये, मोगऱ्याच्या ऐन बहरात, तुझ्या बाल्कनीत ऊन फार तर कठड्याला शिवून जात असणार. डिसेंबरात उलट, सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि ऊन पार हॉलपर्यंत येतं. तू बाल्कनी पाहिलीस ती डिसेंबरात, फ्लॅट घेताना. तेव्हाचं लख्ख ऊन पाहून मोगरा तिथे ठेवलास, यात तुझं काहीच चुकलं नाही. मोगऱ्याला मात्र बहराच्या महिन्यांत रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे आणि तिला बाहेर जाळी आहे असं तू लिहिलंस, तीच त्याची जागा. सकाळचं ऊन तिथे उन्हाळाभर मिळेल. फक्त कुंडी जाळीच्या आत, तळाशी नीट टेकलेली आणि तारेने बांधलेली असू दे. बारा इंची कुंडी ओल्या मातीसकट वीस किलोच्या आसपास भरते, आणि खाली माणसं ये-जा करतात. कठड्यावर कुंडी ठेवायची नाही म्हणजे नाही.

मोगऱ्याला दुसरी गोष्ट हवी ती विश्रांती. त्याची फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, जुन्या काडीवर नाही. म्हणून डिसेंबर लागला की पाणी हळूहळू कमी कर, पानं जराशी मलूल झाली तरी घाबरू नकोस. संक्रांतीच्या सुमाराला सगळ्या फांद्या निम्म्यावर छाट, वाळक्या आणि किडक्या काड्या मुळापासून काढ, उरलेली जुनी पानं हाताने खुडून टाक. उघडंबोडकं झाड बघून पोटात कालवेल, पण ते कर. मग वरची दोन-तीन बोटं माती उकरून तिथे चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर हाडांचा चुरा घाल आणि पाणी सुरू कर. फूट येईल ती तांबूस-पोपटी. मार्चमध्ये तिच्या टोकांना तीन-तीन कळ्या दिसतील. एक बहर संपला की फुलं येऊन गेलेली टोकं दोन पेरं खाली खुडायची, म्हणजे पुढच्या बहराची फूट लगेच सुरू होते. वाईला काकूंच्या परसातला मोगरा थंडीत आपोआप कोरडा पडायचा, कारण विहिरीचं पाणी तेव्हा भाजीच्या वाफ्यांना जायचं. फ्लॅटमध्ये आपण बारा महिने रोज तांब्याभर पाणी घालतो आणि झाडाला थांबूच देत नाही.

शेवंतीबद्दल तू विचारलंस ते बरं केलंस, कारण तिचं दुखणं अगदी वेगळं आहे. दसऱ्याला आणलेली शेवंती फुलली, आणि पुढच्या वर्षी त्याच कुंडीत कळीच नाही. बाल्कनीतला दिवा रात्रभर चालू असतो का? किंवा सोसायटीचा मोठा दिवा थेट तुझ्या कठड्यावर येतो का? शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड काळोखी रात्र लागते. पावसाळा सरताना दिवस लहान होत जातात, त्यावरून ती आपला हंगाम ओळखते, आणि मध्येच दिवा लागला की तिच्या लेखी रात्र मोडते. दिवस किती लांब यावर झाडाचं फुलणं ठरतं, हे गार्नर आणि अलार्ड या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवून दिलं. आज आपल्याकडचे पॉलिहाउसवाले शेतकरी त्याच आधारावर काळे पडदे ओढून शेवंती लवकर फुलवतात आणि दिवे लावून लांबवतात. मला हे फार विलक्षण वाटतं, की त्या एवढ्याशा रोपाला रात्रीची लांबी मोजता येते. तू ऑगस्टपासून कुंडी अशा कोपऱ्यात सरकव जिथे रात्री खरा अंधार असतो. दिवसा मात्र भरपूर ऊन हवंच.

फुलं संपली की शेवंतीची दांडी जमिनीलगत काप. बुडातून मुनवे, म्हणजे नवे कोंब, येतील ते उन्हाळाभर जगव, थोड्या सावलीत. पावसाच्या तोंडावर वेगळे करून लाव आणि जुलैत दोनदा शेंडे खुड, म्हणजे झाड पसरतं.

माती मात्र बदलावीच लागेल. नर्सरीतून येणारी रोपं बहुधा लाल चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात असतात. वाळला की तो गोळा विटेसारखा होतो. पाणी त्याच्या कडेने खाली निघून जातं आणि मुळं आत कोरडीच राहतात. तळातून पाणी आलं म्हणून आपण समाधानी असतो. अशी कुंडी बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेव. पाऊस संपत आलाय, तेव्हा माती बदलायला हेच दिवस चांगले आहेत. गोळा बाहेरून हलक्या हाताने मोकळा कर, मुळं तोडू नकोस, आणि दोन भाग पोयटा (नदीकाठची गाळाची माती), एक भाग जुनं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अशा मिश्रणात लाव. शेण कच्चं नको. त्यातून हुमणीची अळी येते आणि मुळं कुरतडते. वाईहून काळी माती आणायचा विचार सोड, शेतात ती सोन्यासारखी असली तरी कुंडीत तिचा चिखल होतो आणि वाळली की ती भेगाळते. तळाच्या भोकावर एक खापरी उपडी ठेवली की पुरे. खडीचा थर घालायचा सल्ला सगळे देतात, पण त्याने निचरा सुधारत नाही. बारीक माती पूर्ण ओली झाल्याशिवाय पाणी जाड खडीत उतरत नाही, त्यामुळे ओल वरच अडून राहते, आणि मुळांची जागा तेवढी कमी होते.

पाणी ठरलेल्या वेळेला नाही, बोट मातीत दोन पेरं खुपसून बघून घालायचं. कुंडीखालच्या ताटल्या दर दोन-तीन दिवसांनी ओतून घासून पुसायच्या, कारण डेंग्यूचा डास अशा स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो. घरात लहान मूल आहे, यात आळस नको.

तू लिहिलेला जास्वंदीवरचा पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण ही कीड. मुंग्या त्यांच्या गोड चिकट्यासाठी त्यांना सांभाळतात, म्हणून आधी मुंग्यांचा बंदोबस्त कर. पाण्याच्या जोरदार धारेने फांद्या धू आणि संध्याकाळी लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल व साबणाचे चार थेंब घालून फवार, आठवड्याने पुन्हा.

आणि मोगरा पूर्वेला गेल्यावर दक्षिणेची बाल्कनी रिकामी ठेवू नकोस. कठड्यालगत सदाफुली आणि जास्वंद, मागच्या सावलीला अबोली. अबोली खूप सोसते आणि बरेच महिने फुलते. तिच्या वाळलेल्या शेंगेला पाणी लागलं की ती तटकन फुटून बी लांब उडतं, हे तुझ्या नातीला नक्की दाखव. अगदी आत, जिथे वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, तिथे ब्रह्मकमळाचं पान खोच. आपल्या घरांतलं ते ब्रह्मकमळ मूळचं मेक्सिकोकडचं, झाडांच्या खोडांवर वाढणारं निवडुंग आहे, त्याला झाडांखालचा उजेड मानवतो.

एका रविवारी तुझ्या बाल्कनीत आणि खिडकीत किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत ऊन असतं ते लिहून पाठव. त्यावरून बाकीच्या जागा ठरवू. आणि जानेवारीच्या अखेरीला एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन असतं, तेव्हा चार दिवस राहायलाच ये. जाताना माझ्याकडची अबोलीची रोपं आणि बटमोगऱ्याच्या दाब कलमाची (फांदी मातीत दाबून केलेल्या रोपाची) एक कुंडी घेऊन जा. कलम मी उद्याच करते.

काकूंना माझा साष्टांग नमस्कार, छोटीला खूप खूप प्रेम.

तुझी,
मीनल