चिठ्ठीवर नुसते ‘फिट’ नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दाढ काढायची ठरली आणि रुग्ण साठीपुढचा असला, की मुंबईतला दंतवैद्य सांगतो, ‘तुमच्या डॉक्टरांकडून फिटनेस आणा.’ गल्लीतले फॅमिली डॉक्टर लेटरहेडवर एक ओळ लिहून देतात: ‘दंतोपचारासाठी फिट.’ कागद फायलीला लागतो आणि दोघेही निर्धास्त होतात. त्या ओळीतून दंतवैद्याला काहीच कळत नाही. पण मुळात त्यानेही नेमके काही विचारलेले नसते. दात साफ करण्यासाठी फिट, की हाड कोरून अक्कलदाढ काढण्यासाठी?

सगळ्यात मोठा घोळ रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा. ‘पाच दिवस गोळी बंद ठेवा’ असे अजूनही सर्रास सांगितले जाते. एक-दोन दाढांसाठी ॲस्पिरिन थांबवावी लागत नाही. स्टेंट बसवून वर्षही झाले नसेल, तर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलची जोडी हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय कोणीही तोडू नये. हिरडीतले रक्त दाबून थांबवता येते, स्टेंटमध्ये धरलेली गुठळी जिवावर बेतते. म्हणून चिठ्ठीवर स्टेंटची तारीख हवीच. वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) आदल्या दिवशीचा, फार तर ७२ तासांतला असावा. तो ४ च्या खाली असेल, तर साधी दाढ गोळी चालू ठेवून काढता येते. मात्र वेळ सकाळची द्यावी, म्हणजे रक्त पुन्हा सुरू झाले तरी दवाखाना उघडा असतो. खड्ड्यात जिलेटिन स्पंज, वर टाका, आणि गॉज २० ते ३० मिनिटे दाबून धरायचा. दर दोन मिनिटांनी उचलून बघितला की धरलेली गुठळी निघून येते!

इतके सांभाळूनही रक्त तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाहू शकते, कारण दाढ काढल्यावर लिहिलेले मेट्रोनिडॅझोल हे जंतुसंसर्गावरचे औषध. ते वॉरफेरिनचा परिणाम वाढवते आणि आयएनआर चढतो. सोबत डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी असेल तर आणखी भर. मूत्रपिंड कमजोर असलेल्याला तर डायक्लोफेनॅक देऊच नये. पण क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा आकडा, कागदावर नसेल तर दंतवैद्याला कळणार कसे?

‘कुठली गोळी चालू आहे?’ या प्रश्नाला ठिसूळ हाडांवरचे इंजेक्शन घेणारी आजी ‘काही नाही’ म्हणते. तिचे बरोबरच आहे, ती गोळी नसतेच. झोलेड्रॉनिक ॲसिड वर्षातून एकदा, डेनोसुमॅब सहा महिन्यांनी. अशा रुग्णांत क्वचित दाढेचा खड्डा भरत नाही, जबड्याचे हाड उघडे पडते. कर्करोगासाठीच्या मोठ्या डोसात हा धोका बराच जास्त. पहिल्या इंजेक्शनआधीच दात तपासून घेतले, तर काढायचे ते आधी काढून होतात.

चिठ्ठी उलट दिशेनेही जायला हवी, आणि इथे दंतवैद्य कमी पडतात. कितीही साफ केले तरी हिरड्या वाढतच असतील, तर बीपीची ॲम्लोडिपिन कारण असू शकते. ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना पर्याय विचारावा. चाळिशीतच दात हलत असतील, हिरडीला वारंवार पू होत असेल, तर एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करायला सुचवावे. मधुमेहींच्या हिरड्यांवर नीट उपचार झाले, की तीन-चार महिन्यांत हा आकडा सरासरी सुमारे ०.४ ने उतरतो. आणि रेल्वेचा पूल चढताना खालचा जबडा दुखतो, बसल्यावर थांबतो, दातावर ठोकून मात्र काही होत नाही, अशा माणसाचे दुखणे हृदयाचे असू शकते, त्याचा त्याच दिवशी ईसीजी व्हावा.

तर आधी दंतवैद्याने लिहावे: कोणते व किती दात, भुलीत ॲड्रेनलिन आहे का, नंतर कोणती औषधे देणार. त्याखाली डॉक्टरांनी आजार, डोससकट औषधे, ताजे बीपी आणि रिपोर्टचे आकडे, ॲलर्जी, इंजेक्शने लिहावीत. हृदयात कृत्रिम झडप असेल तर ते ठळक लिहावे, कारण त्या रुग्णाला, पेनिसिलिनची ॲलर्जी नसल्यास, झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून दाढ काढण्याच्या ३० ते ६० मिनिटे आधी २ ग्रॅम ॲमॉक्सिसिलिन द्यावे लागते. हे सारे अर्ध्या पानात मावते. इंडियन मेडिकल असोसिएशन आणि इंडियन डेंटल असोसिएशन यांच्या मुंबईतील शाखांनी असा एकच नमुना ठरवून दवाखान्यांत वाटावा.

– एक दंतवैद्य, दादर