संगणक बसवून देताना ‘हायबरनेट’ही करून द्या

महोदय,

सेलू तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामानंतर सुरू झालेल्या या वाचनालयाच्या जुन्या इतिवृत्ताच्या वह्यांना वाळवी लागली, म्हणून पानं स्कॅन करून गिंप या चित्रं दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वच्छ करायचं काम मी हाती घेतलं. पहिल्या काही सभांचं इतिवृत्त अर्धं उर्दूत आहे. शाई इतकी फिकी झाली आहे की एकेका पानाला वीस मिनिटं जातात.

संगणक देणगीतला, 4 जीबी रॅमचा, विंडोजऐवजी उबंटू ही लिनक्स प्रणाली टाकलेला. एप्रिलमध्ये गावची डीपी जळाली, तेव्हा अकरा पानं उघडी होती. मी ‘सस्पेंड’ केलं आणि काम सुरक्षित आहे असं समजून घरी गेले. पण सस्पेंडमध्ये सगळं रॅममध्येच राहतं आणि रॅमला थोडी का होईना, वीज लागतेच. रात्रीतून यूपीएसची बॅटरी उतरली. गिंप आपणहून सेव्ह करत नाही. अकराही पानांवरची मेहनत गेली.

हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर रॅमला जोड म्हणून राखलेल्या ‘स्वॅप’च्या जागेत लिहून ठेवलं जातं आणि मग यंत्र पूर्ण बंद होतं. लाइट चार दिवसांनी आली तरी काम जागेवर. पण उबंटूच्या मेन्यूत 12.04 या आवृत्तीपासून हायबरनेट आपसूक दिसतच नाही, आणि आमच्याकडे स्वॅपची फाइल होती फक्त 2 जीबीची. भरलेली रॅम तेवढ्यात मावायची कशी?

परभणीला कॉम्प्युटर शिकणारा गावातलाच एक मुलगा सुटीत आला होता. त्यानं एका दुपारीत ते करून दिलं. जुनी फाइल काढून 6 जीबीची केली. रॅमपेक्षा जास्त, कारण स्वॅपमध्ये आधीचंही काही पडलेलं असतं. ती फाइल डिस्कवर नेमकी कुठून सुरू होते तो आकडा काढून ग्रबच्या, म्हणजे उबंटू सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये लिहिला, नाहीतर चालू होताना यंत्राला ठेवलेलं काम सापडत नाही. फाइल पुन्हा केली तर आकडा बदलतो, हे त्यानं मला वहीत लिहून घ्यायला लावलं. शेवटी एक पान उघडं ठेवून हायबरनेट केलं आणि प्लगच उपसला. तासाभरानं चालू केलं तर पान जसंच्या तसं समोर!

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. आता जुने संगणक लिनक्स टाकून शाळा-वाचनालयांना देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. स्वॅप रॅमपेक्षा मोठी ठेवा, हायबरनेटचं बटण पडद्यावर आणून द्या आणि प्लग उपसून दाखवल्याशिवाय गाव सोडू नका. सिक्युअर बूट (यंत्र सुरू होताना फक्त खात्रीची प्रणालीच चालू देणारी सोय) चालू असेल तर उबंटू हायबरनेट करू देत नाही, तेही आधीच बघा. आमच्या साध्या यूपीएसला संगणकाशी जोडायची वायर नाही. लाइट गेली की बटण मीच दाबते, आणि दहा मिनिटं त्याला पुरतात.

अकरापैकी सात पानं पुन्हा करून झाली आहेत.

— एक ग्रंथपाल, ता. सेलू, जि. परभणी