‘लाइव्ह’ नेमकं कशाला म्हणायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला लास वेगासच्या कॅसिनो-रिसॉर्टांमधल्या कार्यक्रमांवरचा लेख वाचला. छायाचित्रं सुरेख आहेत आणि मजकूरही निम्मा बरा आहे. पण ‘जुन्या रेव्ह्यूंमधलं अस्सल जिवंत संगीत गेलं आणि तिथे सर्क द्यु सोलेइलचा यंत्रावर चालणारा खेळ आला’ हे वाक्य उपसंपादकांच्या नजरेतून सुटलं कसं? (रेव्ह्यू म्हणजे नाच-गाण्यांचा भपकेबाज कार्यक्रम, आणि सर्क ही कॅनडाची सर्कस-कंपनी.)

प्रकार बरोब्बर उलटा आहे. ट्रॉपिकाना हॉटेलातला ‘फोली बर्जेर’ हा रेव्ह्यू १९५९च्या डिसेंबरात सुरू झाला आणि मार्च २००९मध्ये बंद पडला. त्यातला १९८९ नंतरचा काळ त्याने ध्वनिमुद्रित टेपच्या जिवावर काढला. पिसांचे मुकुट खरे, पायऱ्या खऱ्या, नर्तिका खऱ्या, संगीत मात्र डब्यातलं. उलट ट्रेझर आयलंड हॉटेलात १९९३च्या नाताळात सर्कचा ‘मिस्तेर’ सुरू झाला, तो वादक आणि गायक हाताशी ठेवून. आता यातलं यंत्र कोणतं, ते लेखकमहाशयांनीच सांगावं.

ही चूक झाली, कारण लेखात १९८९चा वादकांचा संप नाही. गायक एल्विस प्रेस्लीच्या पांढऱ्या पोशाखावर दोन परिच्छेद आहेत, संपावर एक ओळसुद्धा नाही. वेगासच्या ‘लाइव्ह’ मनोरंजनाचा इतिहास त्या संपाशिवाय सांगणं म्हणजे गिरण्यांचा उल्लेख टाळून गिरणगाव सांगण्यासारखं आहे.

संपाआधी तिथली व्यवस्था काय होती, ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक मोठ्या हॉटेलचा स्वतःचा पगारी वाद्यवृंद असे. सँड्स हॉटेलच्या कोपा रूम या नाट्यगृहात अँटोनियो मोरेली होते, तसे संगीत-संचालक जागोजागी होते. गायक दोन-तीन आठवड्यांच्या करारावर येई. सोबत आपला कंडक्टर (वाद्यवृंद चालवणारा), ड्रमवाला, फार तर पियानोवाला आणि नोटेशनच्या फायली आणी. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, तंतुवाद्यं असा बाकीचा सगळा ताफा हॉटेलचा. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी एक तालीम होई, तीत कागद पहिल्यांदा बघायचे आणि रात्री आठला वाजवायचे. सॅक्सोफोनवाल्याला बासरी आणि क्लॅरिनेटही यावी लागे, कारण त्याच खुर्चीवर बसून एकाच गाण्यात वाद्य बदलायचं असे. आठला जेवणाचा प्रयोग, मध्यरात्री पेयांचा, असे रोज दोन.

त्याहून अवघड काम ‘रिलीफ बँड’चं. हॉटेलच्या वाद्यवृंदाला आठवड्यातून एक रात्र सुट्टी असे, आणि त्या रात्री हा बदली ताफा बसे. आज या हॉटेलात विनोदी नटाच्या मागे, उद्या त्या हॉटेलात पॅरिसच्या धर्तीच्या रेव्ह्यूला, परवा तिसरीकडे गायकाच्या साथीला. आठवडाभर रोज नवी फाइल. अशा वादकांची नावं कुठल्याच पाटीवर झळकली नाहीत, म्हणून ती लेखातही नाहीत, एवढाच तर्क मला लागतो.

जून १९८९मध्ये वादकांची संघटना संपावर गेली, कारण मोठ्या रेव्ह्यूंमध्ये वाद्यवृंद काढून टेप लावायचं हॉटेलांनी ठरवलं होतं. संप जानेवारी १९९०मध्ये मिटला, तेव्हा टेप वापरण्याची मुभा हॉटेलांकडेच राहिली. ‘प्रेक्षकाला फरक कळत नाही’ हे मालकांचं म्हणणं. ते अगदीच खोटं नाही. सगळं सुरळीत चाललेलं असताना फरक खरंच कळत नाही.

कळतो तो काही अडलं की. टेपवर संगीताच्या बाजूच्या ट्रॅकवर ‘क्लिक’ असते, टक-टक-टक असा ठोका. तो प्रेक्षकांना ऐकू जात नाही. रंगमंचावर कुणी वाजवणारा उरला असेल तर त्याच्या हेडफोनमध्ये जातो. दिवे, सरकते जिने, लिफ्ट, नर्तिकांची पावलं, सगळं त्या ठोक्याला बांधलेलं. आता समजा मंचाखालची लिफ्ट चार सेकंद उशिरा वर आली, किंवा पिसांच्या मुकुटाची पट्टी हनुवटीखाली बसेना. वाद्यवृंद असेल तर कंडक्टर हात फिरवतो आणि मंडळी तेच चार बार (तालाची आवर्तनं) पुन्हा वाजवतात, पुन्हा वाजवतात, नर्तिका जागेवर येईपर्यंत. याला ते ‘व्हॅम्प’ म्हणतात. आपल्याकडे संगीत नाटकात पात्र विंगेत अडकलं की ऑर्गनवाला सूर धरून बसतो, तीच युक्ती. टेप कुणासाठी थांबत नाही. चार सेकंद हुकले की पुढची सगळी रांग चार सेकंद मागे पडते, आणि ते भरून काढायला नर्तिका मधली दोन पावलं गिळतात. तिसऱ्या रांगेतल्या प्रेक्षकाला वाटतं, पोरींना आज नाच येत नाही.

सर्कवाल्यांनी नेमका हाच धडा घेतला. कसरतपटूचा झेल हुकला तर तो पुन्हा करावा लागतो, आणि अशा वेळी ठरावीक लांबीचं ध्वनिमुद्रण काय कामाचं? म्हणून संगीत तुकड्यातुकड्यांत रचलेलं असतं. बँडप्रमुख कसरतीवर डोळा ठेवून वादकांना हेडफोनमधून सांगतो, अजून एक फेरा, आता पुढे. संगणकावरचे आवाज तिथेही असतात, नाही असं नाही. पण कधी थांबायचं हे माणूस ठरवतो. बेलाजिओ हॉटेलात १९९८पासून चालणाऱ्या सर्कच्या ‘ओ’ या खेळात सुमारे १५ लाख गॅलन पाण्याचा तलाव आहे आणि त्याचा तळ यंत्रांनी वरखाली होतो. तिथे टेपच्या भरवशावर कुणाला उंचावरून उडी मारायला सांगून बघा.

‘लोकांची अभिरुची बदलली’ हे लेखातलं कारणही फार सोयीचं आहे. बदलला तो हिशेब. जुन्या मालकांसाठी शो म्हणजे गळाला लावलेलं आमिष होतं. तिकिटात तोटा झाला तरी जुगाराच्या टेबलावर भरून निघे, म्हणून तर गायकाला वेळेत संपवण्याची ताकीद असे; प्रेक्षक लवकर जुगारावर परतला पाहिजे. १९६७ आणि १९६९मध्ये नेवाडाने कायदा बदलला, भागधारकांच्या मोठ्या कंपन्यांना कॅसिनो चालवणं सोपं झालं, आणि हळूहळू स्वयंपाकघरापासून शोरूमपर्यंत (म्हणजे हॉटेलातल्या नाट्यगृहापर्यंत) प्रत्येक खात्याला आपापला नफा दाखवावा लागू लागला. नफा दाखवायचा म्हटलं की पहिली नजर कुठे जाते? वीस-पंचवीस वादकांच्या पगारावर.

आणखी दोन दुरुस्त्या. एल्विसने ‘पहिल्याच फेरीत वेगास जिंकलं’ नाही. एप्रिल १९५६मध्ये न्यू फ्रंटिअर हॉटेलात तो दोन आठवडे होता, फ्रेडी मार्टिनच्या वाद्यवृंदासोबत, आणि जेवायला आलेल्या मध्यमवयीन मंडळींनी त्याला थंड प्रतिसाद दिला. जिंकलं ते तेरा वर्षांनी, ३१ जुलै १९६९पासून, इंटरनॅशनल हॉटेलात. तेही हॉटेलच्या उद्घाटनाला गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड गाऊन गेल्यावर. आणि बग्झी सीगल या गुंडाचं फ्लेमिंगो हॉटेल उघडलं डिसेंबर १९४६मध्ये. स्ट्रिपवर, म्हणजे कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावर, त्याआधी एल रांचो व्हेगास (१९४१) आणि लास्ट फ्रंटिअर (१९४२) सुरू होती, पियानोवादक लिबराची १९४४मध्येच लास्ट फ्रंटिअरला वाजवून गेला होता. सगळं श्रेय सीगलला द्यायची घाई कशाला? गुंडाची गोष्ट वाचायला रंजक असते, हे मान्य.

जाता जाता. लेखाच्या तळाशी ‘उर्वरित मजकूर पान ६ वर’ असं छापलं होतं. पान ६ वर गृहप्रकल्पाची पानभर जाहिरात होती. तिच्यात जलतरण तलाव आहे, क्लब हाउस आहे, उर्वरित मजकूर नाही. कदाचित संप त्यातच असेल, तसं असल्यास वरची टीका मागे घेतो. तो मजकूर येत्या रविवारी छापावा, आणि त्यासोबत गेल्या दोन आठवड्यांची शब्दकोड्याची उत्तरंही छापून टाकावीत.

आपला,
एक वर्गणीदार, डोंबिवली